परदेशातल्या निवांत गावात नुसतं पडून राहायला गेलंय का कोणी? (लुआंग प्रबांग, तेही भर पावसात)

खाजन

मंडळी, बघायच्या जागांची यादी हवी असेल तर हा धागा सोडून दिलात तरी चालेल. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण गोव्यात राहणाऱ्यांनी आराम करायला जायचं कुठे? इथे राहून आराम होत नाही हे इथल्या कोणाला समजवायला नको. ऑक्टोबर लागला की मुंबई-पुण्याचे मावसभाऊ, त्यांचे मित्र, त्या मित्रांचे ऑफिसवाले, सगळ्यांना एकदम आठवतं की अरे तो गोव्यातच असतो ना, आणि मग स्कूटर कुठे मिळेल, रूम कमी कर ना कुणाला सांगून, दाबोळी विमानतळ जवळ की मोपा, हे मार्चपर्यंत चालू. माझा मित्र तर हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, म्हणजे त्याचं कामच लोकांच्या सुट्ट्या सांभाळणं. त्याची स्वतःची रजा मंजूर होते ती पावसात, किनाऱ्यावरचे शॅक उतरवून झाले की.

तर यंदा जून संपता संपता दोघं सॅक पाठीला लावून निघालो. बँकॉक, तिथून रात्रीच्या बसने चिआंग राय, मग चिआंग खोंगचा पूल ओलांडून लाओसमधलं हुआय साय आणि तिथून मेकाँगवरची स्लो बोट. ही बोट दोन दिवस घेते, रात्री पाकबेंग नावाच्या गावात उतरवते. सीट म्हणजे जुन्या व्हॅनमधून काढून आणलेल्या, खाली धड बसवलेल्यासुद्धा नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी माझी सीट ढकलत ढकलत इंजिनापासून चांगली लांब आणली होती. बोट लागते ती गावाच्या बाहेर दहाएक किलोमीटरवर, तिथून टुकटुक.

लुआंग प्रबांग ही लाओसची जुनी राजधानी. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जुनं गाव आहे, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत, त्यामुळे उंच बिल्डिंगा नाहीत आणि मोठ्या टुरिस्ट बसगाड्या आत सोडत नाहीत. फ्रेंचांनी १८९३ पासून साठ वर्षं राज्य केलं त्याच्या खुणा म्हणजे बाल्कन्या, लाकडी झडपांच्या खिडक्या आणि सकाळी रस्त्यावर मिळणारा लांबडा पाव. रात्री साडेअकराच्या सुमारास बार बंद. खरंच बंद, आपल्यासारखं शटर अर्धं ओढून नाही.

आम्ही काय केलं? फारसं काही नाही. पाऊस सकाळी अकराला यायचा, दुपारी जायचा, परत संध्याकाळी. गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या आणि समोर नाम खान, गढूळ, फुगलेली, मधूनच अख्खं झाड घेऊन जाणारी. कोपऱ्यावर एक म्हातारा कापडाच्या लांब पिशवीतून कॉफी गाळायचा, ग्लासच्या तळाला दोन बोटं कंडेन्स्ड मिल्क, त्यावर काळी कॉफी अशी हळू सोडायचा की दोन थर वेगळे राहतील, आणि सोबत फुकटचा पातळ चहा. ती कॉफी ढवळायची की नाही यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ वाद घातला. एवढंच काम.

पण सांगायचा मुद्दा हा की माझ्या मित्राला पहिले काही दिवस आराम करताच येईना! मालकीणबाई चेक-इनचं रजिस्टर भरायच्या तर हा काउंटरच्या मागून डोकावतोय. टॉवेल मोजतोय. एक डच बाई आल्या, तर हा उठला, त्यांची बॅग वर नेऊन ठेवली आणि त्यांना सांगितलं, गरम पाण्याला दोन मिनिटं लागतात, नळ डावीकडे फिरवा. त्या बाईंनी याला टीप दिली. वीस हजार किप. घेतले याने!

तर विचारायचं ते असं: (१) तुमच्यापैकी कोणी असं नुसतं राहायला कुठे गेलंय का, मित्राबरोबर, आणि भांडण न होता परत आलंय का (२) पुढच्या पावसाळ्यासाठी असलंच दुसरं गाव सुचवा. बजेट बॅकपॅकवाल्यांचं, हॉटेलवाल्यांचं नाही.

---

डिचोलीची_मुलगी

मस्त लिहिलंय. मी आणि माझी मैत्रीण कधीची ठरवतोय पण घरचे लाओस म्हटल्यावर नकाशा काढून बसतात. प्रश्न: खर्च साधारण कसा? दोन मुलींना रात्री फिरायला ठीक आहे का? आणि ती पक्की शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, तिचं काय होणार?

---

गणित_कच्चं

एवढे पैसे घालून, दोन देश ओलांडून, तिकडे जाऊन झोपायचं आणि नदी बघायची? अरे पेडण्याला माझ्या मामाकडे ये, तेरेखोल समोर, पाऊस फुकट, मामी दुपारी हुमण-शीत वाढेल, खुर्ची पण वेताचीच आहे.

---

खाजन

@गणित_कच्चं, मामाकडे येतो, पण तिथे तासाभरात मामा विचारणार लग्नाचं काय. आरामासाठी असं गाव लागतं जिथे आपली जात, गाव, पगार कोणाला ठाऊक नाही.

@डिचोलीची_मुलगी, एका रुपयाला साधारण अडीचशे किप धरून चाल. लाखाची नोट म्हणजे चारशे रुपये, पहिल्या दिवशी पाकीट उघडताना फार श्रीमंत वाटतं. कॉफी ऐंशी-शंभर, खाओ सोई (इथलं टोमॅटो-खिम्याचं, चिआंग मायचं नारळाचं नव्हे, नाव तेच पण पदार्थ वेगळा) दीडशेच्या आत, गेस्टहाऊसची साधी डबल रूम पावसाळ्यात हजार-बाराशेला मिळते, वर घासाघीस. रुपये तिकडे कोणी बदलून देत नाही, डॉलर किंवा थाई बाट न्यायचे आणि डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात, जराशी घडी फाटलेली असली तर परत हातात देतात. एटीएम एका वेळी थोडेच पैसे देतं आणि दर वेळी चार्ज कापतं. भारतीयांना विमानतळावर आणि मोठ्या सीमांवर व्हिसा मिळतो, ऑनलाइनही काढता येतो, फी मात्र निघायच्या आधी ताजी बघून घे.

खाण्याचं माझा मित्रच सांगेल, त्याला टॅग केलंय. तो सोमवार पाळतो.

---

उर्राक_सीझन

मीच तो मित्र. आधी दोन दुरुस्त्या. ती बाई डच नव्हती, बेल्जियन होती, पासपोर्ट मी बघितला (हो, बघितला). आणि टीप मी मालकीणबाईंच्या गल्ल्यात टाकली, हा त्या वेळी झोपला होता म्हणून याला दिसलं नाही.

सोमवारचं: आईला शब्द दिलेला, सोमवारी शिवराक (शाकाहारी), मग गोवा असो की लाओस. अवघड आहे पण जमतं. मासे-मटण टाळता येतं, खरी अडचण पादेकची. पादेक म्हणजे मासे खारवून, आंबवून केलेला दाट रस, तो भाजीत, सलाडात, चटणीत सगळीकडे घालतात, वरून दिसत नाही. पपईचं सलाड मागितलं तर त्यातही तो. जेओ बोंग म्हणून इथली फेमस मिरचीची चटणी आहे, दिसायला एकदम आपली, तिच्यात म्हशीचं वाळवलेलं कातडं असतं. मी एका सोमवारी तोंडात घालणार तेवढ्यात शेजारच्या टेबलवरच्या पोराने सांगितलं म्हणून वाचलो.

मग काय खाल्लं? खाओ न्याव, म्हणजे चिकट भात, पोटभर. काइपेन, हे नदीतलं शेवाळ असतं, कागदासारखं पातळ वाळवून वर तीळ लावून तळतात, पापडासारखं कुडकुडीत लागतं. नाइट मार्केटच्या बाजूच्या गल्लीत शाकाहारी बुफे लागतो, एका दरात प्लेट भरून घ्यायची, नूडल्स, भोपळा, वांगी, टोफू. सॉस कसला ते तिथेही विचारून घेतलेलं बरं. वर फळं. पक्क्या शाकाहारी माणसाने "नो फिश सॉस, नो पादेक" हे लाओ भाषेत कागदावर लिहून घ्यावं, गेस्टहाऊसवाले देतात लिहून.

आता खाजनने वर जे लिहिलंय त्याबद्दल. "याला आराम करताच येईना" वगैरे. अरे बाबा, मी पहाटे चारला उठतो, सवय आहे, शिफ्टची. आणि पहाटे चारला त्या गावात जागं कोण असतं तर मालकीणबाई. रात्रभर भिजवलेला तांदूळ निथळून बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरायच्या, ती टोपली ॲल्युमिनियमच्या उंच गळ्याच्या भांड्यावर ठेवायच्या, खाली लाकडाची चूल. अर्ध्या वेळाने टोपली उचलून एक झटका, अख्खा भाताचा गोळा हवेत उलटून खालची बाजू वर. मला वाटलं सोपं आहे, त्यांनी मला द्यायलाच नकार दिला. शिजला की लाकडी पाटावर पसरून कालथ्याने वारा घालत वाफ घालवायची, नाहीतर गिचका होतो. मग छोट्या झाकणाच्या टोपल्यांत. त्यातला पहिला भाग भिक्षूंना, साडेपाच-सहाला ते अनवाणी रांगेने येतात. मग मुलाचा डबा, मग आमच्यासारख्यांचा नाश्ता, मग खोल्या, मग कपडे. खाजन उठायचा नऊला आणि म्हणायचा काय शांत गाव आहे रे. शांत आहेच, तुझ्यापर्यंत येईस्तोवर सगळा आवाज होऊन गेलेला असतो.

आमच्या हॉटेलातले गेस्टपण हेच म्हणतात मरे. "गोव्यात वेळ कसा थांबलेला असतो." आणि मी डबल शिफ्टला.

---

खाजन

याच्यासाठी मी याला बोलावला नव्हता 😀

---

सत्तरीचो_पावस

उर्राक_सीझन, एक नंबर! माझा भाऊ कळंगुटला किचनला आहे, त्याला हे वाचून दाखवलं. म्हणतो पुढचं लिही.

---

मिरामार_वॉकर

आम्ही नवरा-बायको दोघं डिसेंबरात गेलो होतो, म्हणजे तिकडचा ऐन सीझन. हवा सुंदर, सकाळी स्वेटर लागतो, तो बांबूचा पूल पण होता (नाम खानवर दर वर्षी पावसाळा संपल्यावर बांधतात आणि नदी चढायच्या आधी काढतात, ओलांडायला थोडे पैसे घेतात). पण भिक्षूंची रांग बघून मला त्रास झाला. साक्कालीन रोडवर प्लास्टिकची स्टुलं मांडलेली, टुरिस्ट व्हॅनमधून उतरताहेत, विक्रेत्या बायका भाताच्या टोपल्या हातात कोंबताहेत, आणि एक माणूस रांगेच्या समोर उलटा चालत फ्लॅश मारतोय, दहा-बारा वर्षांच्या सामणेरांच्या (शिकाऊ भिक्षूंच्या) तोंडावर. जागोजागी बोर्ड आहेत की लांबून बघा, खांदे झाका, फ्लॅश नको, बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. वाचतो कोण.

माझं माहेर पणजीच्या जुन्या फोंतेइन्यास वाड्यामध्ये भाड्याच्या घरात होतं. आमच्या पायरीवर बसून लोक प्री-वेडिंग करायचे, आई दार उघडायची तर फोटोग्राफर म्हणायचा आंटी, दो मिनट. त्यामुळे मी तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीत, जिथे गावातले चार-पाच लोक गुडघ्यावर बसून देतात, तिथे समोरच्या बाजूला लांब उभी राहिले. नवऱ्याला पटलं नाही, एवढं लांब येऊन फोटो नाही म्हणून. त्यावरून आमचं झालं.

---

उर्राक_सीझन

ताई, अगदी बरोबर. पावसात गर्दी नसते, पाऊस असला तर भिक्षू छत्र्या घेऊन येतात, तेवढाच प्रकार. आणि एक गोष्ट बघितली का, काही भिक्षू त्यांच्या वाडग्यातलं पुढे रस्त्याकडेला बसलेल्या गरीब पोरांच्या टोपलीत घालत जातात. मालकीणबाईंचा भात दोन घरं पुढे असा पोचतो.

---

निवृत्त_मास्तर

चर्चा वाचली. थोडी भर घालतो. तुम्ही लोक जूनअखेरीस गेलात, अजून थोडं थांबला असता तर आषाढ पौर्णिमेच्या सुमारास खाओ फन्सा बघायला मिळाला असता. त्या दिवसापासून पावसाचे तीन महिने भिक्षू आपापल्या विहारात मुक्काम करतात, मठाबाहेर रात्र काढत नाहीत. आपल्याकडे चातुर्मासात संन्यासी एका जागी राहतात, त्याच मुळातली प्रथा, पावसात पायी फिरून कोवळं पीक आणि जीवजंतू तुडवू नयेत म्हणून. तीन महिन्यांनी, आपल्या कोजागरीच्या आसपास, ऑक फन्सा. तेव्हा लुआंग प्रबांगमध्ये कागद-बांबूच्या मोठमोठ्या नौका दिवे लावून मिरवतात आणि मेकाँगमध्ये सोडतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या अमावास्येला पितरांसाठी भाताचे घास ठेवतात आणि त्याच वेळी नाम खानवर होड्यांच्या शर्यती होतात.

दुसरं, रामायण. लाओ लोकांचं रामायण फ्रा लाक फ्रा राम, लक्ष्मणाचं नाव आधी. राजवाड्याच्या (१९०४ साली बांधायला घेतला, १९७५ मध्ये राजेशाही गेली, आता म्युझियम) आवारातल्या नाट्यगृहात ठरावीक संध्याकाळी त्यातले प्रवेश मुखवटे घालून करतात. वाट शिएंग थोंग हे १५६० च्या सुमाराचं देऊळ, राजा सेत्थाथिरातने बांधलेलं. तिथे राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली इमारत आहे, तिच्या दर्शनी भागावर सोनेरी कोरीवकामात रामायणातले प्रसंग आहेत. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाला पन्नास वर्षं तोंडाला रंग लावलेला माणूस मी, त्या भिंतीपुढून बायकोने ओढून नेलं तेव्हा हललो. काही न करता राहणं ठीक, पण हे चुकवू नका.

---

खाजन

मास्तर, शिएंग थोंग बघितलं, पाऊस आला म्हणून आत थांबलो आणि दोन तास तिथेच. मागच्या भिंतीवर काचांच्या तुकड्यांचं झाड आहे, लाल पार्श्वभूमीवर, पाऊस थांबून जरा ऊन पडलं की ते असं काही उजळतं. नाटक मात्र त्या आठवड्यात नव्हतं.

---

एकदा_गेलो_होतो

सगळे निवांत निवांत म्हणताय म्हणून सांगतो, त्याच गावात यूएक्सओ (म्हणजे न फुटलेले बॉम्ब) व्हिजिटर सेंटर आहे, तासाभराचं काम, जाऊन या. १९६४ ते १९७३ अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, पाच लाख ऐंशी हजार उड्डाणं. हिशेब केला तर नऊ वर्षं, दिवसरात्र, दर आठ मिनिटांनी एक विमानभर. माणशी पाहिलं तर जगात सगळ्यात जास्त बॉम्ब झेललेला देश. क्लस्टर बॉम्बमधल्या छोट्या गोळ्यांपैकी तीसेक टक्के फुटल्याच नाहीत, त्या अजून शेतात आहेत, पोरं चेंडू समजून उचलतात. नाइट मार्केटमध्ये ॲल्युमिनियमचे चमचे आणि कडी मिळतात ना, शिएंग खुआंगकडच्या एका गावात युद्धातल्या भंगाराचे ओततात ते. मी एक चमचा घेतला, घरी बायको म्हणाली हा आमटीला वापरायचा नाही.

---

डिचोलीची_मुलगी

बापरे. हे माहीतच नव्हतं. बरं, आणि ड्रिंक्सचं? मैत्रीण शाकाहारी आहे, बाकी सगळं चालतं तिला 🙈

---

उर्राक_सीझन

बीअरलाओ घ्या, बाटली आपल्यासमोर उघडून. फुकट शॉट, बादलीत मिसळलेलं कॉकटेल, सील नसलेली बाटली, यातलं काहीही नको, कोणीही दिलं तरी नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी टुरिस्ट गेले, तरुण पोरंपोरी होती. व्हांग व्हिएंग लांब नाही, लुआंग प्रबांगहून रेल्वेने तासाभरावर.

लाओ-लाओ म्हणजे तांदळाची गावठी. पाक ऊच्या गुहांकडे बोट जाते त्या वाटेवर भट्ट्यांचं एक गाव आहे, मी मुद्दाम गेलो. आमच्या मामाची काजूची भट्टी होती, भाण (रस उकळायचं भांडं), लावणी (दारू जमा होते ते भांडं) हे बघत मोठा झालो, मे महिन्यात अंगाला तोच वास. तिथली बाई तेलाच्या पिंपावर भट्टी लावून बसलेली. मी खुणांनी विचारलं, पहिली धार काय करता? तिने थोडी बोटावर घेतली, मातीवर झटकली आणि मान हलवली, म्हणजे ही नाही. तेवढं बघून बरं वाटलं, तिच्याकडची घोटभर घेतली. पण हे मला भट्टी कळते म्हणून. तुम्ही नका घेऊ.

---

खाजन

घोटभर म्हणे.

---

कुळागर

मूळ प्रश्न क्र. १ वर कोणी बोलेना म्हणून मी. मित्राबरोबर फिरताना भांडणं होतात ती जागेवरून नाही, वेळेवरून होतात. मी एकदा जिवलग मित्राबरोबर हंपीला गेलो, तो सूर्योदयवाला, मी दुपारवाला, परतीच्या बसमध्ये वेगवेगळ्या सीटवर. तुमचं कसं जमलं?

---

खाजन

ठरवूनच टाकलं होतं. दुपारच्या जेवणापर्यंत ज्याचा त्याचा दिवस, एकमेकांना मेसेज पण करायचा नाही. जेवण एकत्र, संध्याकाळ एकत्र. पैशाचं एक कॉमन पाकीट, दोघांनी सारखे टाकायचे, खाणं-राहणं-प्रवास त्यातून, ज्याला बीअर जास्त हवी त्याने स्वतःच्या खिशातून.

मी सकाळी काहीच करायचो नाही. हा मात्र जायचा. बिग ब्रदर माउस म्हणून तिकडे एक पुस्तकांची संस्था आहे, सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास कोणीही टुरिस्टने यावं आणि तिथल्या पोरांशी इंग्रजीत गप्पा माराव्यात, फी नाही काही नाही, पोरांची प्रॅक्टिस होते. हा रोज तिथे. एकदा मी घ्यायला गेलो तर सात-आठ पोरं, त्यात दोन भगव्या कपड्यातले, एका सुरात म्हणताहेत "मे आय हॅव युअर पासपोर्ट, प्लीज". आणि हा समोर उभा राहून सांगतोय, हसा, प्लीज म्हणताना हसा.

---

उर्राक_सीझन

त्यातल्या दोघांना हॉटेलात लागायचंय म्हणून. तिथे राहून मिळणाऱ्या पगारात भागत नाही. २०२१ मध्ये डॉलरला नऊ-साडेनऊ हजार किप होते, दोन-तीन वर्षांत वीस हजारांच्या वर गेले. आपल्याला लाओस स्वस्त वाटतो त्यात हा हिशेबही आहे. मालकीणबाईंचा मोठा मुलगा थायलंडला कारखान्यात आहे, बाटमध्ये कमावतो म्हणून घरचं जमतं. आमच्याकडची पोरं ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला जायची, तीच गोष्ट, फक्त नदी पलीकडे.

आणि खरं सांगायचं तर मला तिथे आराम मिळाला तो त्याच दोन तासांत. खुर्चीत नाही. मला खुर्चीत बसवलं की फोन वाजेल असं वाटत राहतं.

---

मिरामार_वॉकर

कुआंग सी धबधब्याला गेलात की नाही दोघं?

---

खाजन

गेलो. गावापासून तीसेक किलोमीटर, शेअर टुकटुक मिळते. फोटोत दिसतं तसं हिरवं-निळं पाणी चुनखडीमुळे, पण ते कोरड्या दिवसांत. जोराचा पाऊस झाला की तांबूस-मातकट, आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवरूनही पाणी, पोहणं बंद. सगळे परतीच्या वाटेवर वैतागलेले, आम्ही दूधसागर बघून मोठे झालेलो, आम्हाला काय. त्याच आवारात अस्वलांचं केंद्र आहे, पित्तासाठी पकडून पिंजऱ्यात ठेवलेली काळी अस्वलं सोडवून आणून ठेवलीत, एक हॅमकमध्ये उताणं झोपलं होतं. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. आदर्श.

---

म्हादई_वाचवा

मेकाँगचं पण एक सांगतो. खाली शायाबुरीचं धरण २०१९ पासून चालू आहे, आणि लुआंग प्रबांगच्या वरच्या अंगाला, पाक ऊच्या थोडं पुढे, अजून एक मोठं बांधताहेत, युनेस्कोने काळजी व्यक्त करूनही. म्हणजे गाव दोन्ही बाजूंनी धरणांच्या मधे. ज्यांना वाहती मेकाँग बघायचीय त्यांनी लवकर जावं. स्लो बोटीचं पुढे काय होतं तेही बघायचं.

---

गणित_कच्चं

रेल्वे आहे म्हणालात ना वर कोणीतरी?

---

एकदा_गेलो_होतो

हो, चीनने बांधलेली, डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. व्हिएन्तिएन (आताची राजधानी) ते लुआंग प्रबांग दोन तासांच्या आत, पूर्वी बसने घाटातून अख्खा दिवस जायचा, उलट्या करत. स्टेशन गावाबाहेर आहे, आणि सीझनमध्ये तिकिटं पटकन संपतात. सामान तपासतात, कात्री-सुरी-डास मारायचा स्प्रे काढून घेतात.

---

कुळागर

प्रश्न क्र. २ साठी माझं मत: मलेशियातलं मलाक्का. आपल्या लोकांनी बघायलाच हवं. आल्फोन्सो द आल्बुकेर्कने १५१० ला गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का. सेंट झेवियरचं शव १५५३ मध्ये तिथल्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेलं होतं, तिथून इकडे आणलं, ती रिकामी जागा अजून दाखवतात. पोर्तुगीज वंशाच्या लोकांची वस्ती आहे, क्रिस्तांग बोलतात. नदीकाठी बसायला भरपूर जागा. फक्त शुक्रवार ते रविवार जाऊ नका, जोंकर स्ट्रीटला रात्रीचा बाजार भरतो, सिंगापूर-क्वालालंपूरची सगळी गर्दी तिथे. सोमवारी पोचायचं, गुरुवारी निघायचं.

---

सत्तरीचो_पावस

कांपोत, कंबोडिया. नदी, मिरीचे मळे, फ्रेंच घरं, संध्याकाळी काजव्यांची बोट. काळी मिरी आपल्या कुळागरातलीच, पण तिकडची जीआयवाली (त्या जागेच्या नावाचा शिक्का असलेली) आणि जगभर जाते, आपली मात्र सुपारीच्या झाडावर चढून तशीच. जुलैला पाऊस भयंकर असतो, पण तुम्हाला तेच हवंय बहुतेक.

---

डिचोलीची_मुलगी

आम्ही दोघी नोव्हेंबर-डिसेंबरला लुआंग प्रबांग पक्कं करतोय. रात्रीचं कोणी सांगितलं नाही अजून. आणि मागच्या गल्लीतली भिक्षूंची रांग नक्की कुठे ते सांगा ना ताई.

---

मिरामार_वॉकर

रात्री आम्ही दहा-साडेदहापर्यंत चालत फिरलो, काही वाटलं नाही, मुख्य रस्त्यावर एकट्या फिरणाऱ्या मुली पण होत्या. नंतर गल्ल्या एकदम सुनसान आणि अंधाऱ्या होतात, तेव्हा दोघींनी एकत्रच राहा, बॅग रस्त्याच्या उलट्या खांद्याला. स्कूटर घेतलीत तर रात्री चालवू नका, कुत्रे आणि खड्डे.

गल्लीचं इथे नको लिहायला, व्यनि (खासगी निरोप) करते.

---

खाजन

मलाक्का आणि कांपोत दोन्ही टिपून ठेवले. माझं मत कांपोत, खुर्ची आणि नदी पुन्हा मिळतील. याचं मत काय ते हाच सांगेल.

---

उर्राक_सीझन

मलाक्का. सोमवारी पोचायचं असेल तर शिवराकाचं बघावं लागेल, पण तिथे केळीच्या पानावर तमिळ जेवण मिळतं, त्यामुळे अडचण नाही. आणि आधी रजा तर होऊ दे. मॅनेजरने तारखा लेखी मागितल्यात, तू अजून दिल्या नाहीस. उद्या माझी मॉर्निंग शिफ्ट, त्याच्या आधी पाठव.